जोत्याखालची हवा
(शताब्दी व्याख्यानमालेतील एक भाषण)



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांविषयी बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. मी मात्र ग्रंथांची कपाटे ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्याखालच्या अंधाऱ्या पोकळीविषयी बोलणार आहे.

गोव्यातील कित्येक जुन्या वास्तूंत जांभ्याच्या उंच जोत्यावर तुळया टाकून वर तक्तपोशी केलेली असते. तिच्याखाली पोकळी आणि जोत्यात समोरासमोर झरोके. ही योजना केवळ शोभेची नव्हे. येथे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. सच्छिद्र जांभा जमिनीतील पाणी केशाकर्षणाने वर ओढतो. झरोक्यांतून खेळणारा वारा ती ओल वाहून नेतो.

पुढे उंदीर-सापांच्या भीतीने झरोके बुजतात, अंगणात भराव पडून जमीन जोत्याच्या वर येते आणि पोपडे झाकण्यासाठी सिमेंटचा गिलावा चढतो. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. सिमेंट तिला कोंडते. मग ती आणखी वर चढते, क्षार फुलतात आणि भिंतीत खोचलेली तुळयांची टोके आधी कुजतात. लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी सहसा धरत नाही. तो सतत वर राहिला की कुजणे सुरू होते. वाळवीलाही हीच ओलसर माती मानवते.

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम पाणी अडवावे: पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, भराव काढावा, गटारांना उतार द्यावा. नंतर झरोके मोकळे करून त्यांना बारीक जाळी बसवावी, सिमेंट उतरवावे आणि वास्तूला निदान एक कोरडा हंगाम वाळू द्यावे. तुळयांना टेकू मात्र पहिल्याच दिवशी लावावेत. कुजलेले टोक निरोगी लाकडापर्यंत कापून तेथे वाळलेल्या सागवानाचा जोड द्यावा. सबंध तुळई बदलण्याची गरज दर वेळी पडत नाही. शेवटी चुन्याचा गिलावा. ओल तशीच ठेवून नवे लाकूड बसविणे म्हणजे वाळवीला पुन्हा पान वाढणे होय.

आश्रयदात्यांना एक नम्र विनंती. कपाट दिले तर त्यावर नाव कोरता येते. जोत्याखालच्या तुळईवर नाव कोणी वाचणार नाही. म्हणूनच या कामाला देणगी मिळत नाही आणि ते वर्षानुवर्षे मागे पडते. परंतु तक्तपोशी खचली, तर नाव कोरलेले कपाटही तिच्याबरोबर जाईल आणि त्यातील दुर्मीळ ग्रंथ पुन्हा मिळणार नाहीत. दर वर्षी मृगापूर्वी कार्यकारिणीच्या एका सदस्याने कंदील घेऊन त्या पोकळीत डोकवावे आणि जे दिसेल ते इतिवृत्तात नोंदवावे. पुढील शतकाची तयारी तेथूनच सुरू होईल.