डाकीण नको, पंखेवाली हवी

गटाची सहयोगिनी बोलायला बसली म्हणजे बचत, व्याज, नाहीतर थकलेला हप्ता, असं तुम्ही धरूनच चालता. आज त्यातलं काही नाही. आज एका खेळाविषयी बोलायचं आहे. हातातलं काम चालू ठेवा, कान इकडे द्या.

आपल्या जळगाव-धुळ्याचा मे महिना मी काय सांगायचा? पारा 45 च्या पुढे जातो आणि सुट्टी लागलेल्या पोरी दुपारभर घरात कोंडून पडतात. गेल्या सुट्टीत गटाच्या खोलीत आठवी-नववीच्या सात मुली घेऊन आम्ही गोष्टीचा खेळ सुरू केला. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. एक जण गोष्ट सांगते आणि बाकीच्या त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. "समोर बंद दार आहे, आतून आवाज येतोय, काय करशील?" असं सांगणारीनं विचारायचं, मुलीनं ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगणार. पट नाही, सोंगट्या नाहीत. वही, पेन्सिल आणि ल्युडोचे फासे, एवढंच सामान.

फासे दिसले तशा दोघींच्या आया आल्या. जुगार आहे का हा? पैसा लावत नाही, हे त्यांनी बसून पाहिलं तेव्हा समाधान झालं. एक आजी मात्र म्हणाल्या, "पांडवांनीही सुरुवातीला असंच सांगितलं असेल." त्यांना काय उत्तर देणार!

हा खेळ मूळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात पात्रं तीनच प्रकारची होती: लढवय्या, जादूगार आणि देवाधर्माचा माणूस. चोर पुढच्या वर्षी आला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. प्रत्येकाला काहीतरी येतं, तसं प्रत्येकाला काहीतरी येतच नाही. जादूगाराला मंत्र येतात, पण अंगात चिलखत नाही आणि हातात खंजिराशिवाय शस्त्र नाही. देवाधर्माच्या माणसानं धारेचं हत्यार धरायचं नाही. त्यामुळे कुणी एकटा पुढे जाऊच शकत नाही. दहा जणींचा गट चालवणारीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण त्याच जुन्या नियमात आणखी एक गोष्ट होती. तुमचं पात्र बुटक्यांच्या कुळात जन्मलं असेल, तर त्यानं लढवय्याच व्हायचं, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच चढायचं. माणसाच्या कुळातल्याला असं बंधन नाही. मुलींना हे सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे जातीवरून काम." लहान मुलांना हे पटकन दिसतं. त्या खेळात हे नियम नंतर सैल होत गेले, आणि 2024 च्या पुस्तकात तर त्यांनी त्या कुळांसाठीचा 'रेस' हा शब्दही बदलला. आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं की आपल्या खेळात कुळ नको. इंग्रजीत पात्राच्या प्रकाराला 'क्लास' म्हणतात, आम्ही 'काम' म्हणायचं ठरवलं.

गोष्ट कुठली घ्यायची, हे ठरवायला वेळ लागला नाही. 2013 साली 'न्यूमेनेरा' नावाचा एक खेळ आला. त्यात फार पुढचा काळ आहे. आधीची माणसं कधीच संपली, त्यांची यंत्रं तेवढी जमिनीत पडून राहिली, आणि नव्या माणसांना ती जादूच वाटतात. विज्ञान आणि जादू यांची अशी सरमिसळ. आम्ही ती खानदेशात आणली. आजपासून हजार वर्षांनंतरचा खानदेश. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत, पण त्या कुणी आणि कशाला उभारल्या हे कुणाला ठाऊक नाही. एका गावात ड्रोन देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, असं त्यात कोरलेलं आहे. आमच्या गोष्टीत तो लेख वाचता येणारं कुणी उरलेलं नाही.

आता जादू कुणाला द्यायची? इथे आमचं घोडं अडलं. मुलींनी एकसुरात सांगितलं, डाकीण! तिला सगळ्यात जास्त शक्ती द्या. सातपुड्याकडच्या गावातून मामाकडे आलेली एक मुलगी होती. तिनं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "आमच्याकडे हे नाव खेळात घेत नाहीत."

का घेत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे. म्हैस मेली, पोराचा ताप उतरेना, की एखाद्या बाईकडे बोट जातं. बहुतेकदा ती एकटी असते, विधवा असते, तिच्या नावावर शेताचा तुकडा असतो. 2013 साली आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणीचा आळ घेऊन कुणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा झाला म्हणून बोटं खाली आली, असं मला म्हणता येणार नाही.

दुसरी मुलगी वाद घालायला लागली, "पण खेळातली डाकीण चांगली असेल ना! सगळे तिला घाबरतील." वाद बरोबर होता, म्हणून दोन दुपारी चालला. शेवटी सापडलं ते असं: डाकीण ही जन्मापासून, अंगातच शक्ती असलेली. तिला ती टाकता येत नाही, दुसरीला शिकवता येत नाही. आमच्या गोष्टीत तर शक्ती यंत्रात आहे. मग ज्या बाईला पवनचक्की फिरवता येते ती झाली पंखेवाली. लोकांना ती जादू वाटते, तिला स्वतःला ठाऊक असतं की कुठला खटका दाबायचा. एक यंत्र दिवसातून एकदाच चालवायचं, आणि पळताना तिला काही उचलता येत नाही. ही तिची उणीव.

पंखेवाली झाली, मग बाकीची कामं भराभर आली. पाणाडीण जमिनीतलं पाणी ओळखते, पण अंधारात तिला काही करता येत नाही. गोफणवाली लांबून मारते, जवळ आलेल्यापुढे तिचं काही चालत नाही. वही म्हणणारी जुनी गाणी पाठ ठेवते आणि त्या गाण्यांत यंत्रांच्या खुणा लपलेल्या असतात. आमच्या गावात कानबाईच्या वेळी वही म्हणायला पुरुष बसतात, म्हणून मुलींना हे काम मुद्दाम हवं होतं. कानबाईला मात्र कुणाचं पात्र केलं नाही. घरची देवी फाशावर हरायला नको, असं सगळ्यांचंच मत पडलं.

सुईण कुणी घेईना. जखमा बांधायच्या, औषध द्यायचं. "ते तर घरीही करते," असं एकीनं तोंडावर सांगितलं. मग आम्ही तिच्या कामात भर घातली. नव्या गावात शिरताना सुईणीनं कुणाचीही नाडी धरायची आणि एक प्रश्न विचारायचा. गोष्ट सांगणारीनं खरंच उत्तर दिलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सुईणीसाठी दोघींची भांडणं.

फाशाचा हिशेब सोपा आहे. चार, पाच किंवा सहा पडलं की जमलं. स्वतःचं काम असेल तर दोन फासे टाकायचे, एकावर जमलं तरी चालतं. परक्या कामाला एकच फासा. छत्तीस वेळा टाकलं तर परकं काम साधारण अठरा वेळा जमेल, स्वतःचं सत्तावीस वेळा. मुलींनी तीन फासे मागितले होते. मग आठात सात वेळा जमतं, आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. म्हणून दोनच.

सुट्टी संपता संपता सातपुड्याकडची मुलगी, जी गोफणवाली होती, तिनं विचारलं, "काम शिकायचं असतं ना, मग मी मधेच पंखेवाली होऊ शकते का?" त्यावर नियम असा झाला: तीन बैठका पंखेवालीच्या शेजारी बसायचं, त्या काळात गोफणीचा एक फासा सोडायचा, चौथ्या बैठकीला यंत्र हाती. शिकवणारीला काय मिळणार, हे ठरायचं राहिलं होतं, आणि काही मिळणार नसेल तर ती शिकवील कशाला? तेव्हा तिला एक फासा उसना मिळतो, अडचणीच्या वेळी वापरायला. व्याज नाही.