महिना चार रुपये

डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. धर्माधर्मांत वाटलेल्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांना गांधीजींनी तेव्हा उघड विरोध केला आणि तो रास्तच होता. मग याच परंपरेत गाजलेल्या पालवणकर बाळूंचा गौरव आपण का करावा? कारण त्यांची थोरवी त्या सामन्यांची देणगी नव्हे. ती मजुरीतून आली, आणि म्हणूनच आपल्या क्रिकेटमधला पहिला मोठा व्यावसायिक मी त्यांना मानतो.

चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबत. रोलर ओढायचा, खेळपट्टी झाडायची, जाळी लावायची, आणि साहेब सरावाला आले की चेंडू टाकत राहायचे. बॅट त्यांच्या हाती क्वचितच येई. पगार मैदान राखण्याचा होता, गोलंदाजीचा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. पण क्लबातल्या ग्रेगसारख्या कसलेल्या इंग्रज फलंदाजाला रोज तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकून टप्पा आणि उंची यांचा जो अंदाज पक्का होतो, तो सवडीने खेळणाऱ्या हौशी माणसाला कुठून यावा? इंग्लंडमध्येही मैदानावर राबणाऱ्या नोकरांतूनच कितीतरी व्यावसायिक गोलंदाज पुढे आले. भारतीय संघाच्या १९११ च्या दौऱ्यात त्याच इंग्लंडमध्ये बाळूंनी ११४ बळी घेतले.

राहिला प्रश्न त्यांच्या खेळाच्या समाजावरील प्रभावाचा. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. अशा विजयांनी अस्पृश्यता संपली नाही, हे खरेच. पण ज्याच्यावाचून जिंकता येत नाही त्याला पंगतीबाहेर ठेवणे संघाला दिवसेंदिवस अवघड झाले. बाळूंना कर्णधार मात्र कधी नेमले नाही, आणि हा अन्याय त्यांच्या विक्रमांनी झाकला जात नाही. त्यांच्या भावांनी तो हक्क सोडला नाही, लोकांनीही आवाज उठवला, आणि १९२३ मध्ये धाकटे विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.