वर्गातील हवा आणि मुलांचा श्वास



बारामती तालुक्यातील पणदरे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या बागायती टापूत वसलेले आहे. एरवी हा तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. परंतु कालव्याच्या पाण्याने शिवारात उसाचे फड उभे राहिले, आणि परगावच्या पाहुण्यास वाटते की, येथील हवा बारमाही ओलसर असावी. वस्तुस्थिती तशी नाही. शिवारातील ओल निराळी आणि चार भिंतींच्या आतील हवेची आर्द्रता निराळी. ज्या वर्गखोलीत श्रावणात पुस्तकांना बुरशी येते, त्याच खोलीत फाल्गुनात मुलांचे ओठ फुटतात. या दोन्ही टोकांचा मुलांच्या आरोग्याशी निकटचा संबंध आहे.

हवा जितकी उष्ण, तितके अधिक बाष्प ती धारण करू शकते. १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प मावते. ३० अंशांना तेच सुमारे ३० ग्रॅम मावते. म्हणून पौषातील पहाटेची धुकट हवा दुपारी ३० अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांवर उतरते. पहाटेचे दव पाहून दुपारच्या हवेची परीक्षा करू नये, ती यासाठी.

नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या मार्गावर आतून चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्यात धूळ व रोगजंतू अडकतात, आणि केसांहूनही सूक्ष्म असे असंख्य तंतू सतत हलत राहून तो मळ घशाकडे लोटतात. शरीराचे हे पहिले संरक्षण होय. हवा फार कोरडी झाली की हा थर सुकून घट्ट होतो व तंतूंची गती मंदावते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १० ते २० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या उंदरांना इन्फ्लुएंझाची बाधा ५० टक्के आर्द्रतेतील उंदरांपेक्षा अधिक तीव्र झाली. त्यांच्या श्वासमार्गाची सफाई मंदावली, पेशींची दुरुस्ती नीट होईना, आणि विषाणूंना रोखणारी उपजत प्रतिकारशक्तीही दुबळी पडली.

यावरून ओल जितकी अधिक तितके बरे, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. ओलसर भिंतींवर बुरशी वाढते, अंथरुणांत सूक्ष्म कीटक माजतात आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. शिवाय पुण्याच्या बाजूस इन्फ्लुएंझाचा जोर पावसाळ्यातही असतो. २००९ च्या साथीचा मोठा तडाखा पुण्यास ऑगस्टमध्येच बसला. पावसाच्या भयाने दारे-खिडक्या लावून माणसे दाटीने बसली की एकाचा उच्छ्वास तोच दुसऱ्याचा श्वास होतो. तात्पर्य, आर्द्रता हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. सामान्यतः ४० ते ६० टक्के आर्द्रता सोयीची मानली जाते. पण खेळत्या हवेची जागा ती घेऊ शकत नाही.

आर्द्रता मोजण्यास मोठे उपकरण लागत नाही. दोन सारखे तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्यास मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडावे व थोडा वेळ वारा घालावा. कोरड्यावर ३० व ओल्यावर २२ अंश दिसल्यास आर्द्रता सुमारे ५० टक्के; ओल्यावर १६ अंशच दिसल्यास ती सुमारे २० टक्के समजावी. वरच्या वर्गातील मुलांनी ही नोंद फळ्यावर रोज लिहिली, तर विज्ञान व गणित दोन्ही विषय त्यांच्या हाती येतील.

उपायही साधेच आहेत. कोरड्या दिवसांत केर काढण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. अंगणात सडा घालण्याची आपली जुनी रीत धूळ बसविण्यास उपयुक्त आहे. मुलांनी मधूनमधून पाणी प्यावे. पावसाळ्यात मात्र शिडकावा थांबवावा. गळती वेळीच दुरुस्त करून घ्यावी, ओले कपडे वर्गात वाळत घालू नयेत, बसकरांस उघडीप मिळताच ऊन दाखवावे. समोरासमोरच्या खिडक्या मात्र दोन्ही ऋतूंत उघड्या असाव्यात.

गाळपाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची मुले वर्गात येतात. त्यांची रात्र बहुधा खोपीत, चुलीच्या धुराशेजारी जाते. धूर हा त्या सूक्ष्म तंतूंचा मोठा वैरी आहे. असे मूल सकाळी खोकत आले, तर त्यास अस्वच्छ म्हणून मागे बसवू नये. खिडकीजवळ जागा द्यावी, आणि चूल उघड्यावर किंवा वाऱ्याच्या दिशेने मांडण्याविषयी पालकांशी आपुलकीने बोलावे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, किंवा मुलास धाप लागत असल्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविण्यास विलंब करू नये.

हजेरीपटावरील गैरहजेरीच्या खुणांपैकी कित्येक खुणा खोकल्या-तापाच्या असतात. त्यांतील काही तरी टाळणे शिक्षकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी उघडी खिडकी, कोरडी भिंत व सजग दृष्टी यांवाचून फारसे काही लागत नाही.