मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी



बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपण ऐकलेली असते. सगळं गमावून मुलगा परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, घरात मेजवानी होते. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घरात काय होत असेल? मेरिलिन रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेची २००८ सालची 'होम' ही कादंबरी त्या दुसऱ्या दिवसापासूनची आहे.

काळ १९५६चा, गाव आयोवा राज्यातलं गिलियड. वृद्ध पाद्री रॉबर्ट बाउटन यांच्या घरी धाकटी मुलगी ग्लोरी परत आली आहे. वर्षानुवर्षं ठरलेलं तिचं लग्न फिसकटलंय. मग वीस वर्षांनी तिचा भाऊ जॅक येतो, आईच्या अंत्यविधीलाही न आलेला. तरुणपणी त्यानं ज्या तान्ह्या मुलीकडे पाठ फिरवली, ती लहानपणीच गेली. त्या दुःखावर या घरात कुणी नीट बोललेलंच नाही.

जॅक बाग साफ करतो, वडिलांना हात देतो आणि एका रात्री पुन्हा पितो. जीव द्यायचा त्याचा प्रयत्न फसतो. कोठारात तो ग्लोरीला सापडतो, तेव्हा ती प्रश्न विचारत नाही. पाणी-साबण आणते, त्याचे ग्रीसनं काळे झालेले हात धुते. म्हाताऱ्याला कळता कामा नये, एवढीच तिची धडपड. मग स्वयंपाकघरात जाऊन कोंबडी शिजत ठेवते. कुठलंही संकट सरलं की घरभर असा वास दरवळावा, ही आईची रीत होती. व्यसनी माणसाच्या बहिणीचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

आणि वडील? आयुष्यभर क्षमेवर प्रवचनं दिलेला हा माणूस, पण निरोपाच्या वेळी जॅकनं पुढे केलेला हात घेत नाही. कंटाळलोय, म्हणतो. मला त्याचा राग आला नाही. प्रेमही थकतं, हे लेखिकेनं लपवलेलं नाही. जॅकची जोडीदार डेला कृष्णवर्णीय आहे, त्यांना एक मुलगा आहे. टीव्हीवरची कृष्णवर्णीयांची आंदोलनं पाहून वडील जे बोलतात, त्यानंतर हे घर त्या तिघांसाठी नाही, हे जॅकला उमगतं.

याच काळाची कथा रॉबिन्सन यांच्याच 'गिलियड' या कादंबरीत शेजारच्या पाद्र्याच्या तोंडून येते. तिला २००५चं पुलित्झर मिळालं. पण ज्यांच्या घरात असा एखादा जॅक आहे, त्यांनी आधी 'होम' वाचावी.