रुग्णाला सुखरूप नेण्याची जबाबदारी



स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं भिलाईतल्या या परिषदेत मनापासून स्वागत करतो. या मुलखाला मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आपली घरं इथं आहेत. माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केलं, तेही याच भागातल्या पेंड्र्याहून. १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली आणि नोकरीच्या ओढीनं आणखी कितीतरी मराठी घरं इथं आली.

ती पिढी आता थकली आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला. वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरला लिफ्ट नाही. डायलिसिसची पाळी आली की दोन शेजारी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवतात, तिसरा लघवीची पिशवी सांभाळत मागून येतो, आणि खाली उभ्या असलेल्या ऑटोत त्यांना कसंबसं कोंबलं जातं. आठवड्यातून दोनदा, तीनदा हेच. १०८ ची रुग्णवाहिका आणीबाणीसाठी आहे आणि ती तशीच मोकळी राहिली पाहिजे. पण ज्याला आणीबाणी नाही, फक्त चालता येत नाही, त्याच्यासाठी कोण? अशा रुग्णांची ने-आण करायला तुम्ही पुढे आलात, याचा मला फार आनंद आहे.

मात्र या धंद्यात उतरणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहानं सांगेन. स्ट्रेचरवरचा माणूस तुमची कागदपत्रं तपासू शकत नाही. त्याच्या वतीनं ती तुम्हीच आधी तपासली पाहिजेत.

जुनी व्हॅन घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, स्ट्रेचर टाकायचं आणि भाडं सुरू करायचं, हा प्रकार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. परवानगीशिवाय गाडीत असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्याला हवी असलेली गाडी नियमात आधीच आहे. एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकांचे चार प्रकार आहेत. त्यातला टाइप बी म्हणजे रुग्ण ने-आण करणारी गाडी. वाटेत ज्याची प्रकृती बिघडण्याची शक्यता नाही, अशा रुग्णासाठी. टाइप सी आणि डी जीवरक्षक उपकरणांच्या. डायलिसिसच्या रुग्णासाठी टाइप डी घेऊन कर्जात बुडू नका, आणि टाइप बी मध्ये अत्यवस्थ रुग्ण घेऊन नागपूरला निघू नका. दुसरी चूक जास्त भयंकर आहे.

रुग्णवाहिका म्हणून रीतसर नोंद झाली की सवलतीही मिळतात. केवळ त्याच कामासाठी वापरलेल्या गाडीला कलम ६६ खाली परमिट लागत नाही. राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. रुग्ण नेण्याच्या भाड्यावर जीएसटी नाही. फिटनेस मात्र सुटत नाही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

चालकाच्या लायसन्सवरून विमा कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. मुकुंद देवांगन खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला साडेसात हजार किलोंपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवू शकतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठानं ते कायम केलं. आपल्या बहुतेक गाड्या या वजनात बसतात. पण वृद्धाला खुर्चीतून स्ट्रेचरवर कसं घ्यावं हे लायसन्स शिकवत नाही. ते शिक्षण तुम्हीच द्यायचं आहे.

आता विमा. इथं मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण माणसं इथंच उद्ध्वस्त होतात. परमिट लागत नाही म्हणजे विमाही नको, असा समज करून घेऊ नका. थर्ड पार्टी विमा कलम १४६ नुसार सक्तीचाच आहे. आणि तेवढ्यावर भागत नाही. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी रस्त्यावरच्या माणसासाठी असते; आत बसलेल्या रुग्णाच्या मुलीचं काय? अटेंडंटचं काय? पगारी चालकाचं काय? या प्रत्येकासाठी संरक्षण आहे की नाही, हे एजंटच्या तोंडी भरवशावर सोडू नका. पॉलिसीतला ‘वापराची मर्यादा’ हा मजकूर वाचा. खासगी वापराची पॉलिसी आणि भाड्याचा धंदा असं निघालं, तर कंपनी हात वर करू शकते. अशाच शर्तभंगाच्या, परमिट लागत असूनही ते नसलेल्या गाडीच्या अमृत पॉल सिंग खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीनं आधी भरपाई द्यावी आणि मालकाकडून वसूल करावी, हाच आदेश योग्य ठरवला. म्हणजे पीडिताला पैसे मिळतात, पण मालकाचं घर जातं. शिवाय जिन्यावरून उतरवताना रुग्ण हातातून निसटला, तर तो रस्त्यावरचा अपघातच नव्हे. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. आपल्या धंद्यात निम्मी जोखीम गाडीबाहेर, जिन्यावर आहे, असं माझं मत आहे.

दुपारच्या सत्रात विमा आणि परिवहनाचे जाणकार बसणार आहेत. आरसी, फिटनेस आणि पॉलिसीची झेरॉक्स घेऊन प्रत्येकानं त्यांच्यासमोर बसावं. संकोच करू नका.

अध्यक्ष महोदयांना एक विनंती. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना रुग्णवाहिकेचे वाजवी दर ठरवायला सांगितलं होतं. आपण सरकारची वाट का पाहायची? डायलिसिस चार तास चालतं, आणि भांडण होतं ते थांबण्याच्या पैशांवरून. किलोमीटरचा दर, थांबण्याचा दर आणि जिना चढ-उताराचा आकार गाडीच्या दारावर मोठ्या अक्षरांत मराठीत, हिंदीत लिहावा, असा ठराव या परिषदेत मांडावा. त्याचा मसुदा स्वागत समितीनं तयार ठेवला आहे. तो आपल्या हाती देऊन मी आपणास अध्यक्षीय भाषणासाठी आमंत्रित करतो.