ताळेबंदाबाहेरील शुश्रूषा

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाची पत्रके आपल्या हाती आहेतच. आज आम्ही त्यांत न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी बोलू इच्छितो. मेंदूस गंभीर इजा झालेला पती अथवा पत्नी घरी परतल्यावर जोडीदारास जी शुश्रूषा करावी लागते, तो हा खर्च होय.

धरणगाव परिसरात दुचाकीवरून पडून डोक्यास मार बसलेला रुग्ण तातडीने जळगाव वा धुळ्यास हलविला जातो. त्या पहिल्या उपचारांना आता शासनाचा आधार आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. जळगावास ती नोव्हेंबर २०१३ मध्ये लाभली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. शिवाय २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखरहित उपचार मिळू शकतात. परंतु मेंदू सावरण्यास महिने लागतात, कित्येकदा वर्षे लागतात, आणि आठव्या दिवसापासून पुढचा बराचसा भार घरावर येतो.

या आजाराचे एक वैशिष्ट्य असे, की रुग्ण चालू-बोलू लागला म्हणजे गाव त्यास बरा झाला असे समजते. प्रत्यक्षात मेंदूच्या पुढील भागास इजा झालेला मनुष्य क्षुल्लक कारणावरून संतापतो, सकाळी सांगितलेले दुपारी विसरतो, किंवा दिवसभर एकाच जागी निर्विकार बसून राहतो. अशा वेळी पत्नीस ‘तो मुद्दाम करतो, तूच लाडावून ठेवला आहेस’ असे घरातूनच ऐकावे लागते. म्हणून आमचे डॉक्टर घरी पाठविताना सासू-सासरे व दिरांनाही समोर बसवितात आणि हा स्वभावदोष नसून इजेचा परिणाम आहे, हे त्यांना स्पष्ट सांगतात. औषधांच्या चिठ्ठीइतकेच या संभाषणास महत्त्व आहे, असे आमचे मत आहे.

शुश्रूषेने काय साधते याचे उदाहरण मुंबईतच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूस १९७३ साली हल्ल्यात कायमची इजा झाली. मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले आणि अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेचा गौरव केला. मात्र तेथे परिचारिकांच्या पाळ्या होत्या, हे विसरता कामा नये. येथे दर दोन तासांनी कूस बदलणारी, रात्री उठणारी आणि सकाळी पुन्हा कापूस वेचायला जाणारी बाई एकटीच असते. तिला कोणी चार तास झोपू द्यावे, हीसुद्धा रुग्णाचीच सेवा आहे.

काही गोष्टी घरच्या माणसास आधी शिकवाव्या लागतात. गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णास साधे पाणी सर्वांत अवघड जाते, ते श्वासनलिकेत उतरू शकते. दाटसर पेज अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. रुग्णास आडवे ठेवून कधीही भरवू नये. बोलण्याचा सराव त्याच्या मायबोलीतून व्हावा. आयुष्यभर अहिराणी बोललेल्या माणसापुढे पुस्तकी मराठीतील चित्रांचे तक्ते धरण्यापेक्षा पत्नीने अहिराणीत चुलीवरच्या, शेतातल्या वस्तूंची नावे विचारावीत. वाचा गेलेल्या काही रुग्णांना जे शब्द बोलता येत नाहीत ते चालीवर गाता येतात; आखाजीची झोक्यावरची गाणी तेथे उपयोगी पडतात.

आणखी एक बाब अप्रिय असली तरी नमूद करतो. इजा पतीस झाली तर पत्नी राहते. पत्नीस झाली तर तिला ‘थोडे दिवस’ माहेरी पोहोचविण्याकडे कल दिसतो. पत्नीची वेणी घालणारे, तिला हात धरून अंगणात चालविणारे पुरुषही आम्ही पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण व्हावे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे पैशाकडे येतो. पती बेशुद्ध असता त्याच्या बँक खात्यावर, शेताच्या कागदावर सही कोणी करावी? दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या व्यक्तीस पालक नेमण्याची तरतूद करणारा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून ऑगस्ट २०२० मध्ये अशाच एका पत्नीस मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, आणि न्यायालयाने तिला पतीची पालक नेमले. प्रत्येक कुटुंबास हे परवडणार नाही. निदान प्रत्येक खात्यास वारसनोंद असावी आणि घरखर्चाचे एक खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावे, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे असावे. वारसनोंद खातेदाराच्या हयातीत उपयोगी पडत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. अपघाताची भरपाई मागताना शुश्रूषेचाही हिशेब मांडावा. मेंदूस इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये परिचारकांच्या खर्चापोटीच २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. घरची बाई तेच काम करते तेव्हा त्यास शून्य किंमत धरणे वाणिज्यशास्त्रासही मान्य नाही.

धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ च्या योजनेनुसार निर्धन रुग्ण निधी असतो. तो रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरी लागणारी चाकाची खुर्ची, वॉकर, हवेची गादी त्यात बसत नाही. या वस्तू अल्प अनामतीवर घरी नेता याव्यात आणि रुग्णास सोडण्यापूर्वी तीन दिवस जोडीदारास परिचारिकेसोबत प्रत्यक्ष काम शिकता यावे, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. घरात वापरून झालेल्या, सुस्थितीतील खुर्च्या व गाद्याही आम्ही स्वीकारू. त्या लेखा विभागात जमा करून पावती घ्यावी, ही विनंती.