मालवणचें राखीव पाणी

आमच्या कोल्हापुरांत समुद्र नाहीं; पण त्याची खबर मासळीबाजारांत कळते. परवां तेथें वीतभरही न भरणारी सुरमई टोपलींत पाहिली आणि मालवण आठवलें. सिंधुदुर्ग व मालवण १८१२ पर्यंत करवीर राज्यांत होते. तेव्हां हें स्मरण अगदींच परकें नव्हे.

१९८७ सालीं सरकारनें सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींचें सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य ठरविलें. त्यांतील तीन चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक भाग गाभ्याचा. खडकांच्या कपारींत पिल्लें निर्भयपणें वाढावीं, मोठीं होऊन बाहेरच्या पाण्यांत पसरावीं, ही कल्पना. कल्पना नामी खरी. परंतु ज्यांची होडी रोज त्याच पाण्यांत जाते, त्यांना तो हुकूम चुलींत पाणी ओतल्यासारखा वाटला. त्यांनीं विरोध केला, आणि अनेक वर्षें ती हद्द बव्हंशी कागदावरच राहिली.

हा विरोध मला अडाणीपणाचा वाटत नाहीं. मालवणी किनाऱ्याची रापण म्हणजे गांवानें मिळून ओढावयाचें जाळें. दोरीला हात लावील त्याचा वाटा. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटावयाची नाहीं, ही रूढी त्यांचीच. समुद्राचा तळ खरवडणारा ट्रॉलर आणि थवाच्या थवा घेरणारें पर्ससीन जाळें हीं मागाहून आलीं. पर्ससीनवर शासनानें २०१६ सालीं निर्बंध घातले.

मला विशेष पटला तो जाळ्यांतील एक साधा फरक. जाळ्याच्या भोंकास कोळी लोक आस म्हणतात. नेहमींचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. जाळें ओढलें कीं तो मिटतो आणि पिल्लें आंत अडकतात. चौकोनी आस ताणला तरी उघडाच राहतो, पिल्लें निसटतात. संयुक्त राष्ट्रांच्या साह्यानें सिंधुदुर्गांत झालेल्या प्रकल्पांत ट्रॉलरना अशीं ४० मिलिमीटर आसाचीं जाळीं देण्यांत आलीं. येथें कोळ्याला समुद्राबाहेर घालविलें नाहीं, हें मोठें.

२०२३ सालीं राज्यानें ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. तेवढ्या धिटाईवर मीं त्या सुरमईवालीस विचारलें, “मावशी, हीं पोरें कशाला आणलींत?”

ती म्हणाली, “गुरुजी, गेल्या आयतवारी बारकं तुमीच मागून न्हेलंसा की!”

नेलें होतें. स्वस्त होतें म्हणून.